आखाती प्रवाह अमेरिकेजवळून जातो, मग ऊब युरोपला कशी मिळते?

भरतीओहोटी
मी नववीला भूगोल शिकवते. सागरी प्रवाहांचा धडा चालू होता. फळ्यावर जगाचा नकाशा काढला, तांबड्या खडूनं उष्ण प्रवाह दाखवले, निळ्यानं शीत, आणि इतकी वर्षं सांगत आले तेच सांगितलं: उष्ण प्रवाहामुळे किनाऱ्याचं तापमान वाढतं, शीत प्रवाहामुळे उतरतं, आखाती प्रवाहामुळे वायव्य युरोपात हिवाळा सौम्य असतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हा तांबडा बाण तर आधी अमेरिकेजवळून जातो. मग न्यूयॉर्कला एवढा बर्फ कसा पडतो?"

उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन आकडे पाहिले. न्यूयॉर्क आणि पोर्तुगालमधलं पोर्तो, दोन्ही ४१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास. जानेवारीचं सरासरी तापमान न्यूयॉर्कमध्ये शून्याच्या जेमतेम वर, पोर्तोत ९-१० अंश. प्रवाह न्यूयॉर्कपासून काहीशे किलोमीटरवर आहे आणि पोर्तोपासून जवळजवळ अख्खा महासागर दूर. म्हणजे माझं वाक्य निदान अपुरं तरी आहेच. शोधत गेले तर एकीकडे "आखाती प्रवाह युरोपला ऊब देतो हा गैरसमज आहे" असं वाचलं आणि दुसरीकडे "हा प्रवाह थांबला की युरोप गोठणार". दोन्ही एकदम खरं कसं असेल? नववीच्या मुलांना कळेल पण पुढे खोटं ठरणार नाही, असं काय सांगू?

रानवारा
वाऱ्याची दिशा पाहा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. त्या अक्षवृत्तांवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कवर येणारी हवा कॅनडाच्या गोठलेल्या जमिनीवरून येते. शेजारी कोमट समुद्र आहे, पण त्याची ऊब वारा उलट्या दिशेला नेतो. पोर्तोवर येणारी हवा अटलांटिक ओलांडून आलेली असते.

अभिसरण
रानवारा यांचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. समुद्रविज्ञान शिकलो आहे आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

पाण्याला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. किती, याचा अंदाज असा: पृथ्वीभोवतीच्या सगळ्या वातावरणाला एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात समुद्राचा फक्त वरचा तीनेक मीटरचा थर एक अंशानं तापतो. उन्हाळ्यात समुद्र उष्णता साठवतो आणि हिवाळाभर हळूहळू सोडतो. त्यावरून आलेला वारा ज्या किनाऱ्यावर पोचेल तिथला हिवाळा सौम्य. यासाठी पाणी वाहतं असण्याचीसुद्धा गरज नाही, साठवण पुरते. पॅसिफिकमध्ये पाहा. व्हँकुव्हर आणि रशियाच्या पूर्वेकडचं खाबारोव्हस्क जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. व्हँकुव्हरचा जानेवारी शून्याच्या चार-पाच अंश वर, खाबारोव्हस्कचा शून्याखाली २० च्या आसपास. अटलांटिकसारखंच चित्र, आणि तिथे आखाती प्रवाह नाही.

२००२ मध्ये रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या प्रतिमानात समुद्रातून होणारं उष्णतेचं वहन बंद करून पाहिलं. दोन्ही किनारे थंड झाले, पण त्या दोघांतला फरक बराचसा तसाच राहिला. त्यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं: रॉकी पर्वत. पश्चिमी वारे हा अडसर ओलांडताना नागमोडी होतात, पूर्व अमेरिकेवर वायव्येकडून गारठा घेऊन उतरतात आणि पुढे युरोपकडे जाताना नैर्ऋत्येकडून, म्हणजे उबदार बाजूनं, येतात. तुम्ही वाचलेला "गैरसमज" हा शब्द बहुधा या कामावरूनच आला असावा. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली आणि समुद्राचा वाटा त्यांनी कमी धरला असं म्हणणारे जाणकारही आहेत. पण नॉर्वेच्या उत्तरेला गेलात की प्रवाहाचं काम कुणी नाकारत नाही. रशियाचं मुर्मान्स्क बंदर ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, आणि तिथे हिवाळ्यातही जहाजं लागतात. एवढ्या उत्तरेला समुद्र उघडा राहतो तो दक्षिणेकडून आलेल्या कोमट पाण्यामुळे.

साशंक
मग सरळ म्हणा की सगळा खेळ वाऱ्याचा. मुलांना प्रवाहांची नावं पाठ कशाला करायला लावायची?

मोजपट्टी
इतकंही नको. आकडे बघू.

फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून आखाती प्रवाहाचं दर सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी जातं. अ‍ॅमेझॉन नदी सेकंदाला साधारण २ लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते. म्हणजे दीडशे अ‍ॅमेझॉन एका पात्रात. पुढे उत्तरेला आजूबाजूचं पाणी मिसळून हा आकडा कित्येक पटींनी वाढतो.

उष्णतेचं म्हणाल, तर २६.५ अंश उत्तरेला अटलांटिक महासागर ध्रुवाकडे नेतो ती उष्णता सुमारे १२० कोटी मेगावॉट. एक हजार मेगावॉटचे १२ लाख वीजप्रकल्प रात्रंदिवस चालवल्यासारखं. मात्र ३५ अंशांच्या पुढे ध्रुवाकडे जाणाऱ्या एकूण उष्णतेतला तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा हवा वाहून नेते. विषुववृत्ताकडून उष्णता बाहेर काढण्यात समुद्राचा हात मोठा, आणि मध्य अक्षवृत्तांत तो ती हवेच्या हवाली करतो. ही देवघेव नेमकी आखाती प्रवाहावर आणि जपानजवळच्या कुरोशिओवर सगळ्यात जोरात होते. हिवाळ्यात खंडावरची कोरडी, बर्फाळ हवा या कोमट पाण्यावर आली की दर चौरस मीटरमागे हजार वॉटपर्यंत उष्णता पाण्यातून हवेत जाते, बरीचशी वाफेच्या रूपानं. ती वाफ जिथे ढग होते तिथे ही उष्णता मोकळी होते. प्रवाह आणि वारा एकाच साखळीचे दुवे आहेत, त्यातला एक वगळून दुसरा समजत नाही.

अभिसरण
सहमत. आणि साशंक, याचा परिणाम फक्त पाण्यालगतच्या हवेवर होतो असंही नाही. २००८ मध्ये शोशिरो मिनोबे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आखाती प्रवाहाच्या उबदार कडेवर पावसाचा एक अरुंद पट्टा सतत दिसतो आणि तिथले ढग वातावरणात फार उंच जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हिवाळी वादळंही इथेच बळ धरतात, कारण थोड्याशा अंतरात एकीकडे गोठलेली जमीन आणि दुसरीकडे वीस अंशांचं पाणी असतं. त्या विद्यार्थिनीला हे जरूर सांगा: न्यूयॉर्कला पडणाऱ्या बर्फात कित्येकदा याच प्रवाहावरून उठलेली वाफ असते.

भरतीओहोटी
हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला. ती विचारत होती उष्ण प्रवाह असून बर्फ का पडतो, आणि बर्फाला लागणारं पाणी तिथलंच!

शीत प्रवाहांबद्दलही सांगाल का? तिथेही मी "किनारा थंड आणि कोरडा" एवढं सांगून पुढे जाते.

डेकवरून
बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, त्यामुळे शीत प्रवाह म्हटला की मला आठवतं धुकं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स या उथळ समुद्रावर लॅब्राडोर या शीत प्रवाहाचं बर्फाळ पाणी आणि आखाती प्रवाह शेजारी शेजारी येतात. दक्षिणेकडची दमट हवा त्या गार पाण्यावर सरकली की अर्ध्या तासात स्वतःच्या जहाजाचा नाळेकडचा, म्हणजे पुढचा भाग दिसेनासा होतो. वेग कमी, भोंगा चालू, रडारवर एक माणूस कायम. वाऱ्यानंसुद्धा हे धुकं हटत नाही, कारण वाराच ते बनवत असतो. वसंतात त्याच लॅब्राडोर प्रवाहाबरोबर हिमनग खाली येतात. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक ज्याला धडकलं तो हिमनग असाच दक्षिणेला आला होता.

दुसरी आठवण अगुल्हासची, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडे धावणारा उष्ण प्रवाह. त्याच्याबरोबर जाताना जहाजाला चार-चार नॉटचा फुकट वेग मिळतो. पण समोरून नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा प्रवाहाला भिडून उभ्या राहतात, आणि त्यांच्यापुढे पाण्यात खड्डा पडल्यासारखा दिसतो. अशा वेळी २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं, हे आम्हाला पक्कं शिकवलेलं. हवामान प्रवाह बदलतं तसा प्रवाह हवामानाचा तडाखा बदलतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मोजपट्टी
शीत प्रवाहांसाठी दोन जोड्या देतो, वर्गात लगेच पटतील.

दक्षिण आफ्रिकेत पूर्वेला डर्बन, पश्चिमेला पोर्ट नोलोथ. दोन्ही २९-३० अंश दक्षिणेला. डर्बनजवळून अगुल्हास जातो, वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस. पोर्ट नोलोथजवळून थंड बेंग्वेला, १०० मिलिमीटरसुद्धा नाही.

दक्षिण अमेरिकेत ब्राझीलचं साल्व्हादोर आणि पेरूचं लिमा, दोन्ही १२-१३ अंश दक्षिणेला. ऑगस्टमध्ये साल्व्हादोरला २४ अंशांच्या आसपास, लिमात १६. साल्व्हादोरला पाऊस भरपूर, आणि लिमात वर्षभरात जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर.

रानवारा
लिमाचं मला कधीच उमगलेलं नाही. समुद्र दाराशी, महिनोन्‌महिने आकाश ढगाळ, हवा दमट, तरी पाऊस नाही?

अभिसरण
कारण हवा वर चढतच नाही. पाऊस पडायला दमट हवा उंच जाऊन थंड व्हावी लागते. पेरूच्या किनाऱ्यावर थंड पाण्यामुळे खालची हवा गार आणि जड, आणि वर उपोष्ण पट्ट्यातली खाली उतरणारी हवा तुलनेनं उबदार. म्हणजे भांड्यावर झाकण बसल्यासारखं. त्या झाकणाखाली काहीशे मीटर जाडीचा ढगांचा थर महिनोन्‌महिने अडकून राहतो, धुकं आणि भुरभुर देतो, पण सर येत नाही. चिलीतलं अटाकामा आणि आफ्रिकेच्या नैर्ऋत्येचं नामिब ही दोन वाळवंटं समुद्राला टेकून आहेत ती यामुळेच. (अटाकामाला अँडीजची पाऊसछायाही आहे, सगळं श्रेय प्रवाहाचं नाही.) नामिबमधले काही भुंगेरे पहाटे वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभे राहतात आणि पाठीवर जमलेलं धुक्याचं पाणी तोंडाकडे ओघळलं की पितात. चिलीत लोकांनी जाळ्या उभारून याच धुक्यातून पिण्याचं पाणी मिळवलं.

आणि एक दुरुस्ती, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. पेरूजवळचं पाणी थंड आहे ते फक्त दक्षिणेकडून वाहत आलं म्हणून नाही. बरंचसं खालून वर आलेलं असतं. १८९३ ते १८९६ मध्ये फ्रॅम जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत असताना नॉर्वेचा संशोधक नान्सेन यानं पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. १९०५ मध्ये स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन यानं त्याचं गणित मांडलं: पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या थरातलं पाणी एकंदरीत वाऱ्याच्या काटकोनात ढकललं जातं, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. पेरूच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे वारा वाहिला की वरचं पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जातं. ती जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. त्यात पोषकद्रव्यं भरपूर, म्हणून तिथे मासेही अमाप.

साशंक
हे खालून वर येणं थांबलं की एल निन्यो, बरोबर?

अभिसरण
जवळजवळ. नेहमी व्यापारी वारे पॅसिफिकचं उबदार पाणी पश्चिमेकडे लोटत राहतात. इंडोनेशियाजवळची समुद्रपातळी पेरूजवळच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. तिथे पाणी उबदार, म्हणून ढग आणि पाऊसही तिथे, आणि त्या ढगांकडे हवा ओढली जाते म्हणून वारे आणखी जोरात. वारा पाण्याला ढकलतो, पाणी वाऱ्याला ओढतं. ही साखळी कुठेतरी सैल पडली की उबदार पाणी पूर्वेकडे परत सरकतं, वारे आणखी मंदावतात, आणि पावसाचा पट्टा पाण्यामागोमाग जातो. मग इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडे कोरड आणि पेरूच्या वाळवंटात पूर.

याचा शोध दोन वेगळ्या टोकांनी लागला. पेरूच्या कोळ्यांना नाताळाच्या सुमारास येणारं उबदार पाणी माहीत होतं, नाव त्यांचंच. दुसरीकडे, १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मॉन्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे तपासत होते. त्यांना दिसलं की पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तराजूसारखा. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेसनं जोडून दाखवलं. वॉकर यांच्याकडे समुद्राच्या आतले आकडेच नव्हते, तरी ते इतक्या जवळ पोचले याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

रानवारा
पण एल निन्यो म्हणजे मॉन्सून बुडालाच, असं नाही ना? १९९७ चा एवढा मोठा एल निन्यो, आणि भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा त्यापेक्षा बराच लहान, आणि १९ टक्के तूट.

अभिसरण
नाही. हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका आहे. त्याच्या पश्चिमेला पाणी नेहमीपेक्षा उबदार आणि सुमात्राजवळ थंड झालं की त्याला धन द्विध्रुव म्हणतात. १९९७ मध्ये तो जोरात होता, आणि एल निन्योचा मार त्यानं बऱ्याच अंशी झेलला असं मानतात. २०१९ मध्येही तो फार तीव्र होता: भारतात ११० टक्के पाऊस आणि ऑस्ट्रेलियात होरपळ, वणवे.

आणि सोमाली प्रवाह. दर वर्षी दिशा उलटी फिरवणारा एवढा जोरदार प्रवाह दुसरा नाही. नैर्ऋत्य मॉन्सूनमध्ये तो ईशान्येकडे धावतो, तेव्हा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी गार पाणी वर येतं आणि भर जून-जुलैत अरबी समुद्राची पश्चिम बाजू निवते. अरब खलाशांनी आपला व्यापार याच उलटापालटीवर बसवला होता. भरतीओहोटी, तुमच्या नकाशात या प्रवाहाला दोन टोकांचा बाण द्या.

साशंक
आता मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहिला. "प्रवाह थांबणार" ही बातमी दर सहा महिन्यांनी येते. माझा त्यावर विश्वास बसत नाही.

मोजपट्टी
बातमीत दोन वेगळ्या गोष्टींचा घोळ असतो. आखाती प्रवाह मुख्यतः वाऱ्यामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आहे. वारे वाहतात आणि पृथ्वी फिरते तोवर तो थांबत नाही. शंका आहे ती अटलांटिकच्या उभ्या अभिसरणाबद्दल: वरून उत्तरेकडे जाणारं कोमट, खारट पाणी ग्रीनलंडच्या आसपास थंड होऊन जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. बर्फ वितळून आणि पाऊस वाढून तिथलं पाणी गोडं झालं तर ते हलकं होतं आणि बुडणं मंदावतं.

हे अभिसरण २६.५ अंशांवर २००४ पासून सतत मोजलं जातं आहे. सरासरी सेकंदाला १.७ कोटी घनमीटर. २००९-१० मध्ये ते सुमारे ३० टक्क्यांनी घसरलं, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर समुद्रपातळी १० सेंटिमीटरहून जास्त चढली. नंतर सावरलं.

अभिसरण
साशंक, अविश्वास ठेवायचा तर तारखांवर ठेवा, धोक्यावर नको. २०२३ मध्ये पीटर आणि सुसान डिटलेव्हसन यांनी हे अभिसरण २०२५ ते २०९५ दरम्यान कोसळू शकतं असा अंदाज दिला, आणि अप्रत्यक्ष नोंदींवरून इतकं नेमकं सांगता येत नाही असा आक्षेप अनेकांनी घेतला. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा (आयपीसीसी) २०२१ चा अहवाल म्हणतो की या शतकात ते मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि २१०० पूर्वी अचानक कोसळणार नाही याबद्दलचा भरवसा मध्यम. "मध्यम" हा शब्द मला तरी स्वस्थ बसू देत नाही. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत असताना उत्तर अटलांटिकचा प्रदेश पुन्हा हजारभर वर्षं गारठला होता, आणि वितळलेल्या गोड्या पाण्यानं हेच अभिसरण मंदावलं हे त्याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. शिवाय हा फक्त युरोपच्या थंडीचा प्रश्न नाही. उत्तर गोलार्धाकडे येणारी उष्णता कमी झाली की उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, आणि त्या पट्ट्यावर कोट्यवधी लोकांची शेती आहे.

साशंक
हा फरक आजवर कुणी असा समोर ठेवला नव्हता. मान्य.

भरतीओहोटी
आज तास घेतला. त्याच नकाशावर पांढऱ्या खडूनं वाऱ्याचे बाण काढले आणि न्यूयॉर्क-पोर्तो, लिमा-साल्व्हादोर, डर्बन-पोर्ट नोलोथ या जोड्या मुलांनाच शोधायला लावल्या. "प्रवाहामुळे किनारा उबदार" हे वाक्य पुसून "प्रवाहावरून येणारा वारा ज्या किनाऱ्यावर पोचतो, तिथे प्रवाहाचा परिणाम जाणवतो" असं लिहिलं. डर्बनची जोडी मागच्या बाकावरच्या त्या मुलीनंच पहिल्यांदा ओळखली. आणि जाताना पुढचा प्रश्न ठेवून गेली: ग्रीनलंडजवळ बुडालेलं पाणी परत वर कुठे येतं?

अभिसरण
तिला सांगा, बरंचसं अंटार्क्टिकाभोवती. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेजच्या अक्षवृत्तावर पृथ्वीभर कुठेच जमीन आडवी येत नाही. तिथले पश्चिमी वारे अखंड गोल वाहतात, एकमनच्या नियमानं वरचं पाणी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे ढकलतात, आणि खालचं जुनं पाणी वर ओढलं जातं. काही पाणी मात्र वर न येता खोलातूनच पुढे पॅसिफिकमध्ये शिरतं. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यातल्या कार्बन-१४ वरून त्याचं वय काढलं आहे. त्या पाण्यानं हवेला शेवटचा स्पर्श केला त्याला हजार वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.